बसणे, विरणे, कोंदणे : लासलगावची हवा आणि ‘सूक्ष्म कण’ ही संज्ञा

१

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील लासलगाव हे गाव कांद्याच्या व्यापारामुळे देशभर परिचित आहे. तेथील कृषि उत्पन्न बाजार समिती १९४७ साली स्थापन झाली, आणि आशियातील सर्वांत मोठी कांदा बाजारपेठ अशी तिची ख्याती आहे. हंगामात सकाळपासून आवाराकडे येणाऱ्या ट्रॅक्टरांची व लहान मालवाहू वाहनांची रांग लागते. वाहनातच मालाचा लिलाव होतो. मग तो व्यापाऱ्यांच्या खळ्यांवर जातो, तेथे मजूर स्त्री-पुरुष त्याची निवड व प्रतवारी करतात, गोण्या भरल्या जातात आणि मालट्रक व रेल्वेगाड्या त्या दूरदेशी नेतात. पेठ, खळे, रस्ता आणि राहती घरे ही अशा गावात एकमेकांना लागूनच असतात. त्यामुळे बाजाराच्या हवेचा प्रश्न हा वस्तीच्या हवेचाही प्रश्न ठरतो.

या हवेविषयी मराठीत बोलावयाचे झाल्यास दोन शब्द तात्काळ पुढे येतात : धूळ आणि धूर. परंतु गेल्या तीन-चार दशकांत वैद्यकशास्त्राने व वातावरणशास्त्राने ज्या द्रव्याकडे सर्वाधिक लक्ष वेधले आहे, ते या दोहोंपैकी कोणत्याच शब्दात नीट सामावत नाही. अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी व्यासाचे हे सूक्ष्म कण होत. त्यांचे स्वरूप काय, मराठीची रूढ शब्दव्यवस्था त्यांना कोठवर पकडू शकते आणि त्यांना चुकीचे नाव मिळाल्याने व्यवहारात काय बिघडते, या तीन गोष्टींचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. लासलगावचे उदाहरण यासाठी घेतले आहे की, तेथे धुळीचे आणि धुराचे सर्व जुने-नवे प्रकार एकाच आवारात भेटतात. आणि शब्द व वस्तू यांमधील अंतर तेथे जितके स्पष्ट दिसते तितके महानगरात दिसत नाही.

२

प्रथम ‘धूळ’ या शब्दाचे क्षेत्र पाहू. संस्कृत ‘धूलि’पासून तो आला. संस्कृत वैयाकरणांची परंपरा ‘धूलि’ आणि ‘धूम’ या दोन्ही नामांचा संबंध ‘हलविणे, कापविणे’ या अर्थाच्या ‘धू’ धातूशी लावते. ‘धूम’ शब्दाचे नाते तर थेट लॅटिनमधील ‘फूमुस’ या धूरवाचक शब्दाशी पोचते. हलते, अस्थिर द्रव्य ही दोहोंची मूळ कल्पना समान असावी. पुढे भाषेने त्यांची वाटणी केली.

मराठीने या क्षेत्रात शब्दांची मोठी समृद्धी निर्माण केली आहे. जमिनीवर असते ती धूळ. ती उठली की धुरळा. वाटेवर घोट्याएवढी साचलेली पिठासारखी माती म्हणजे फुफाटा. नाकाघशात शिरणाऱ्या भुकटीचा खकाणा. घरातून झाडून काढावयाचा तो केर. यातील ‘फुफाटा’ हा शब्द विशेष लक्षणीय आहे. ‘आगीतून फुफाट्यात’ या म्हणीत त्याचा अर्थ विस्तवावरची तप्त राख असा आहे, तर खेड्यातील वाटेसंबंधी बोलताना त्याचा अर्थ मऊ धूळ असा होतो. म्हणजे जळून उरलेली राख आणि न जळलेली माती यांना एका शब्दाने संबोधण्यात लोकभाषेला काही वावगे वाटले नाही. स्पर्शाच्या दृष्टीने ती दोन्ही सारखीच आहेत. पुढील विवेचनात याचे महत्त्व स्पष्ट होईल.

या सर्व शब्दांबरोबर येणारी क्रियापदे पाहिली तर एक पक्की व्यवस्था दिसते. धूळ उडते, पसरते, साचते. पण तिचे शेवटचे क्रियापद ‘बसणे’ हे आहे. धूळ बसते. भांड्यावर बसते, वहीवर बसते, अंगावर बसते. निवडणुकीचा किंवा वादाचा ‘धुरळा खाली बसला’ असे म्हणताना हेच गृहीत असते की, उठलेला धुरळा थोड्या वेळाने बसणारच. धूळ झटकता येते, झाडता येते, पुसता येते; तिच्यावर पाणी मारता येते. अंगणात सकाळी सडा घालण्याच्या प्रथेत अन्य हेतूंबरोबर हाही व्यावहारिक हेतू होता. बाजाराच्या आवारात टँकरने पाणी मारणे ही त्याच प्रथेची मोठ्या प्रमाणावरची आवृत्ती होय. खळ्यावर कांदा निवडणारी स्त्री नाकातोंडाला पदर बांधते, तोही याच अनुभवाच्या आधारे : धूळ कापडाने अडते.

हा अनुभव खोटा नाही. कांद्याच्या सुकलेल्या पापुद्र्यांचा चुरा, मुळांना चिकटलेली माती, वाहनांच्या चाकांखाली भरडला जाणारा रस्ता यांतून उठणारे बहुतेक द्रव्य खरोखरच धूळ आहे आणि ते खरोखरच बसते. साठवणीतील कांद्याच्या वरच्या सालीखाली काळी बुरशी असते. हात लावताच तिची पूड बोटांना लागते. या बुरशीचे बीजाणू साधारणतः साडेतीन ते पाच मायक्रोमीटर व्यासाचे असतात. म्हणजे ते धुळीच्या बारीक टोकाला आहेत, तथापि येथे ज्या सूक्ष्म कणांचा विचार चालला आहे त्यांच्या मर्यादेबाहेर आहेत.

३

‘धूर’ या शब्दाची व्यवस्था वेगळी आहे. धूळ उडते, धूर निघतो. ‘उडणे’ या क्रियेला कर्ता लागत नाही, वारा पुरेसा असतो. ‘निघणे’ या क्रियेला मात्र उगमस्थान लागते : चुलीतून, बंबातून, चिमणीतून, इंजिनातून. शिवाय धूर ‘करता’ येतो. गोठ्यात डासचिलटांसाठी धूर करतात, ऊद-धुपाची धुरी देतात, साधू धुनी पेटवितो. धुळीला असे प्रतिष्ठित उपयोग नाहीत. धुरामागे मनुष्य असतो, ही जाणीव भाषेत मुरलेली आहे.

धुराचे शेवटचे क्रियापद ‘विरणे’ हे होय. धूर वर जातो आणि विरतो. विरणे म्हणजे पातळ होत होत नाहीसे होणे. साखर पाण्यात विरघळते तेव्हा ती पाण्यात आहे हे आपण जाणतो; धूर हवेत विरतो तेव्हा तो आता नाही असे आपण समजतो. जे उरते त्याला निराळे नाव आहे : काजळी. कंदिलाच्या काचेवर, स्वयंपाकघराच्या आढ्यावर, जळमटांच्या धाग्यांवर ती दिसते. लोहमार्गावर कोळशाची इंजिने धावत असताना स्थानकाजवळच्या घरांत वाळत घातलेल्या कपड्यांवरही ती दिसत असे. काजळी दिसली की ती पुसावयाची, आणि जी दिसत नाही ती विरली असे मानावयाचे, असा हा हिशेब होता.

अशा रीतीने मराठी बोलणाऱ्याच्या मनात हवेतील घन द्रव्याचे दोन वर्ग तयार असतात. एक बसणारा, दुसरा विरणारा. दोहोंचा शेवट निश्चित आहे आणि दोहोंच्या शेवटी हवा पुन्हा स्वच्छ होते, असे या दोन क्रियापदांनी गृहीत धरले आहे.

४

आता सूक्ष्म कणांकडे वळू. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मनुष्याच्या केसाची जाडी साधारणतः पन्नास ते सत्तर मायक्रोमीटर असते. म्हणजे अडीच मायक्रोमीटरचे वीस-पंचवीस कण शेजारी शेजारी मांडले तर एका केसाची रुंदी भरेल. कवडशात नाचताना जे कण दिसतात ते बहुधा याहून पुष्कळ मोठे असतात. मनुस्मृतीत वजनांच्या कोष्टकाचा आरंभ जाळीतून आलेल्या सूर्यकिरणात दिसणाऱ्या ‘त्रसरेणू’पासून केला आहे, दृष्टीला जे अखेरचे सापडते ते मापाचे पहिले एकक, असा तो विचार. सूक्ष्म कणांचे शास्त्र जेथे सुरू होते ती जागा या एककाच्या अलीकडची आहे. हे कण एकेकटे डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांचा समूह फक्त धुरकटपणाच्या रूपाने जाणवतो.

आकार लहान होत गेला की खाली येण्याचा वेग फार झपाट्याने घटतो. व्यास निम्मा झाला तर वेग चौथाई होतो. पाण्याइतक्या घनतेचे गोल कण अगदी स्तब्ध हवेत तीन मीटर उंचीवरून सोडले आहेत असे समजू. शंभर मायक्रोमीटरचा कण सुमारे बारा सेकंदांत जमिनीवर येईल. दहा मायक्रोमीटरच्या कणाला पंधरा-सोळा मिनिटे लागतील, अडीचच्या कणाला चार तासांहून अधिक, एक मायक्रोमीटरच्या कणाला जवळ जवळ एक अहोरात्र, आणि एकदशांश मायक्रोमीटरच्या कणाला महिन्याहून अधिक काळ. प्रत्यक्षात हवा स्तब्ध नसतेच. वाऱ्याची मंद झुळूकसुद्धा या कणांना वर ठेवण्यास पुरेशी होते. पाऊस किंवा जोराचा वारा येईपर्यंत ते हवेतच राहतात असे म्हणावयास हरकत नाही. सारांश, ते बसत नाहीत.

ते विरतही नाहीत. डिझेल इंजिनातून निघणाऱ्या काजळीचे कण बहुतांशी अर्ध्या मायक्रोमीटरहूनही लहान असतात. धूर दिसेनासा होतो याचा अर्थ ते कण विखुरले एवढाच. त्यांचे अस्तित्व संपत नाही. उलट, काही सूक्ष्म कण तर धूर विरल्यानंतर नव्याने जन्मास येतात. ज्वलनातून निघणारे गंधकाचे व नत्राचे वायुरूप ऑक्साइड हवेत रूपांतर पावतात, आणि जनावरांच्या मलमूत्रातून व युरियासारख्या खतांतून सुटणाऱ्या अमोनियाशी त्यांचा संयोग होऊन सल्फेट व नायट्रेट यांचे घन कण बनतात. थंड व दमट हवेत नायट्रेटचे कण विशेष टिकतात. हे द्रव्य कोणत्याही चिमणीतून निघालेले नसते आणि कोणत्याही रस्त्यावरून उडालेले नसते. शेती, गोठा आणि इंजिन यांच्या संयोगाने ते हवेतच घडते. निफाडसारख्या बागायती तालुक्याच्या हवेचा विचार करताना ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाही.

शरीरावरील परिणामाचे मर्मही आकारातच आहे. मोठे कण नाकात व घशात अडतात. शिंक, ठसका, खोकला या क्रिया त्यांना बाहेर काढतात. सूक्ष्म कण फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या वायुकोशांपर्यंत जातात; त्यांतील अतिसूक्ष्म अंश रक्तातही उतरू शकतो. ते ठसका लावीत नाहीत. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी आणणारे द्रव्य हा एक वायू आहे. तो तात्काळ आपली जाणीव करून देतो आणि फारसा अपाय न करता जातो. सूक्ष्म कणांचे वर्तन याच्या अगदी उलट आहे. भाषेप्रमाणे शरीरालाही त्यांच्यासाठी स्वतंत्र खूण सापडलेली नाही.

त्यामुळे त्यांचा अपाय कळण्यास दीर्घकालीन गणनेची गरज पडली. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस जे दाट धुरके पसरले, त्यातील सुमारे चार हजार मृत्यू त्याच काळात मोजले गेले. नंतरच्या गणनेत हा आकडा बारा हजारांपर्यंत गेला. पण ती दिसणारी आपत्ती होती. अमेरिकेतील सहा शहरांतील आठ हजारांहून अधिक प्रौढांचा चौदा-सोळा वर्षे मागोवा घेऊन १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले की, साधारण, रोजच्या हवेतील सूक्ष्म कणांचे प्रमाण आणि मृत्युदर यांचा संबंध आहे. १९९७ साली अमेरिकेने या कणांसाठी प्रथमच स्वतंत्र मानक ठरविले. २०१३ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने हवेतील कणद्रव्याचा समावेश मनुष्यास निश्चित कर्ककारक असलेल्या पदार्थांत केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ या एका वर्षात बाहेरील हवेच्या प्रदूषणामुळे जगात बेचाळीस लक्ष अकाली मृत्यू घडले.

भारतात १८ नोव्हेंबर २००९ च्या अधिसूचनेने सूक्ष्म कणांसाठी मानके लागू झाली : घनमीटर हवेत वार्षिक सरासरी ४० मायक्रोग्रॅम व चोवीस तासांची सरासरी ६० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मार्गदर्शक मूल्ये याहून पुष्कळ कडक, म्हणजे अनुक्रमे ५ व १५ आहेत. २००९ च्या अधिसूचनेचा आणखी एक विशेष येथे नमूद केला पाहिजे. तीपूर्वी औद्योगिक व निवासी विभागांसाठी निरनिराळी मर्यादा होती. तिने औद्योगिक, निवासी, ग्रामीण असा भेद काढून टाकला. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मुंबईतील रहिवाशाला जी हवा मिळावयास हवी तीच लासलगावच्या पेठेतील रहिवाशालाही मिळावयास हवी.

५

आता संज्ञेचा प्रश्न. मराठी वृत्तपत्रांत व शासकीय सूचनांत या द्रव्याला बहुधा ‘सूक्ष्म धूलिकण’ म्हटले जाते. शब्द सुबोध आहे, उच्चारास सोपा आहे आणि त्यातील ‘कण’ हे पद अतिशय उपयुक्त आहे. ‘धूळ’ आणि ‘धूर’ ही समूहवाचक नामे असून ती सामान्यतः एकवचनातच चालतात. त्यांची गणती होत नाही. ‘कण’ हे गणनीय नाम आहे. ‘फार धूळ आहे’ या विधानाकडून ‘किती कण आहेत’ या प्रश्नाकडे जाण्याची वाट ते मोकळी करते.

अडचण आहे ती ‘धूलि’ या पूर्वपदात. काजळी, सल्फेट, नायट्रेट, जळलेल्या पाचोळ्यातील तेलकट द्रव्य यांना ते धूळ ठरविते. आणि धूळ ठरताच धुळीचे सगळे व्याकरण त्यांना लागू होते. धूळ उडते, तिला कर्ता नसतो. म्हणून दोष रस्त्याचा आणि वाऱ्याचा. धूळ बसते, म्हणून पाणी मारावे. धूळ झाडता येते; म्हणून झाडावी. ज्वलन करणारा मनुष्य, इंजिन, भट्टी ही सर्व या वाक्यरचनेतून निसटून जातात. ‘धूर’ शब्दात जो कर्ता सुप्तपणे हजर होता, तो ‘धूलिकणा’त अदृश्य होतो.

हा केवळ भाषिक तर्क आहे असे समजण्याचे कारण नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात नाशिकचाही समावेश आहे. या कार्यक्रमाखाली व पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून शहरांना मिळालेल्या सुमारे १०,५६६ कोटी रुपयांचा हिशेब दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ या संस्थेने २०२४ साली मांडला. त्यात असे आढळले की, खर्चाचा ६४ टक्के भाग रस्ते, खड्डे, पाणी मारणे, यांत्रिक झाडणी अशा धूळनिवारणाच्या कामांवर झाला. जैविक पदार्थांच्या ज्वलनासाठी सुमारे साडेचौदा टक्के व वाहनांसाठी सुमारे साडेबारा टक्के खर्च झाला. उद्योगांच्या वाट्याला एक टक्काही आला नाही. शहरांची प्रगती मुख्यतः दहा मायक्रोमीटरपर्यंतच्या स्थूल कणांच्या आधारे मोजली गेली, हे यामागचे एक कारण. हा खर्च मराठी शब्दामुळे झाला असे कोणी म्हणणार नाही; इंग्रजीतून चालणाऱ्या कारभाराचाही तो कल आहे. परंतु ज्या भाषेत नागरिक आपल्या स्थानिक संस्थेला जाब विचारतो, त्या भाषेतील संज्ञाच धुळीची असेल, तर धुळीवर पाणी मारले की प्रश्नाचे उत्तर मिळाले असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे.

या संदर्भात बेंजामिन ली व्होर्फ यांच्या एका प्रसिद्ध उदाहरणाची आठवण होते. व्होर्फ हे भाषाभ्यासक असून व्यवसायाने अग्निविमा कंपनीत काम करीत. १९४१ साली प्रकाशित झालेल्या निबंधात त्यांनी दाखविले की, पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ कामगार जपून वागत. ‘रिकाम्या’ पिंपांजवळ मात्र निष्काळजीपणे धूम्रपान करीत. वास्तविक रिकाम्या पिंपात स्फोटक बाष्प असल्याने तेच अधिक धोक्याचे होते. ‘रिकामे’ या शब्दाने त्या अदृश्य बाष्पाला जागा ठेवली नव्हती. व्होर्फ यांच्या व्यापक सिद्धान्ताबद्दल पुष्कळ मतभेद आहेत, आणि भाषा मनुष्याच्या विचाराला कैद करते असे आज फारसे कोणी मानीत नाही. तथापि तयार शब्द हा तयार कृतीकडे नेतो, एवढे मर्यादित विधान या उदाहरणावरून निश्चित करता येते. ‘विरला’ हा शब्द ‘रिकामे’ या शब्दाचाच भाऊबंद आहे.

६

मग मराठीत या द्रव्याला योग्य क्रियापद नाहीच काय? आहे, ते घरात राहिले आहे. चूल पेटत नसली, खिडकी बंद असली म्हणजे ‘खोलीत धूर कोंदला’ असे म्हणतात. ‘कोंदणे’ म्हणजे बाहेर जाण्यास वाट न मिळाल्यामुळे दाटून राहणे. त्याच्याच कुळातील ‘कोंदट’ हे विशेषण हवेलाच लावतात. हे क्रियापद बसण्याचे गृहीत धरीत नाही, विरण्याचेही नाही. फुंकणी हाती घेऊन आयुष्य काढलेल्या स्त्रियांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. त्याची एकच अट आहे : जागा बंदिस्त असली पाहिजे. उघड्यावर धूर कोंदत नाही, असा त्याचा रूढ वापर आहे.

निफाड तालुक्यातील हिवाळी हवामान नेमकी हीच अट पूर्ण करते. महाराष्ट्रातील कडाक्याच्या थंडीच्या बातम्यांत निफाडचे नाव दर वर्षी असते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील पाऱ्याची नोंद त्यासाठी दिली जाते. निरभ्र, निवांत रात्री जमीन लवकर निवते, तिच्या लगतची हवा थंड व जड होते, आणि तिच्यावर तुलनेने उष्ण हवेचा थर राहतो. एरवी खालची उष्ण हवा वर जाते आणि सोबत धूर नेते. या अवस्थेत खालची हवा वर जाऊच शकत नाही. उष्ण थर झाकणासारखा काम करतो. उन्हे चढून जमीन तापेपर्यंत हे झाकण कायम असते.

नेमक्या याच वेळी गाव जागे होते. पाणी तापविण्यासाठी बंब पेटतात, काही घरांत चुली पेटतात, चौकात शेकोट्या लागतात, झाडलोटीत गोळा झालेला पालापाचोळा जागच्या जागी पेटविला जातो, आणि मालाने भरलेली वाहने इंजिने चालू ठेवून रांगेत पुढे पुढे सरकतात. हे सर्व द्रव्य झाकणाखालच्या उथळ थरात साठत जाते. अरुंद गल्ल्या व दाट घरे असतील तेथे वाऱ्याचा शिरकावही कमीच. घराची दारे-खिडक्या लावून घेतल्याने स्थूल धूळ अडते; सूक्ष्म कण फटींतून आत येतात. पदरानेही ते अडत नाहीत. गाव ही एक खोली झालेली असते, आणि तिच्यात धूर कोंदलेला असतो.

या भौतिक घटनेचे ज्ञान तालुक्यातील शेतकऱ्याला पूर्वीपासून आहे, ही येथे सर्वांत लक्ष देण्याजोगी गोष्ट. कडाक्याच्या थंडीत द्राक्षबागांना इजा होऊ नये म्हणून निफाड परिसरातील बागाईतदार रात्री व पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात. धूर वर जाऊन विरला असता तर या खटाटोपाला अर्थ राहिला नसता. थंडीच्या रात्री धूर खालीच राहतो, बागेवर पांघरुणासारखा पसरतो, याच अनुभवावर ही रीत उभी आहे. द्राक्षाच्या संदर्भात जे ज्ञान पक्के आहे, ते वस्तीच्या संदर्भात वापरले जात नाही. कारण वस्तीतील धुराबद्दल बोलताना ‘विरणे’ हे क्रियापद आधीच हजर असते.

७

या विवेचनावरून संज्ञेविषयी काही सूचना करता येतात. द्रव्याला ‘सूक्ष्म कण’ एवढेच म्हणावे. त्यातील ‘धूलि’ हे पद गाळावे. दहा मायक्रोमीटरपर्यंतच्या मोठ्या कणांना ‘स्थूल कण’ म्हणता येईल. उगम सांगावयाचा असेल तेव्हा तो विशेषणाने सांगावा : मातीपासून उठलेले ते धूलिजन्य, ज्वलनातून निघालेले ते धूम्रजन्य, हवेतील वायूंच्या संयोगाने बनलेले ते वायुजन्य. या तीन विशेषणांमुळे उपायही वेगळे पडतात. धूलिजन्य कणांसाठी पाणी व डांबरी रस्ता हे उपाय योग्यच आहेत. धूम्रजन्य कणांसाठी जळण, इंजिन व कचऱ्याची व्यवस्था बदलावी लागेल. वायुजन्य कणांचा उपाय एका गावाच्या हाती नाही. त्यासाठी संपूर्ण प्रदेशाचा विचार करावा लागेल.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, ‘धूलिकण’ हा शब्द आता रूढ झाला आहे. रूढ शब्द हटविणे हा भाषाशुद्धीच्या चळवळीसारखाच अट्टाहास होय. यास उत्तर असे की, येथे परकीय शब्दाच्या जागी स्वकीय शब्द आणण्याचा प्रश्न नाही. दोन्ही शब्द संस्कृतोद्भवच आहेत. प्रश्न अर्थाच्या अचूकपणाचा आहे. १९६० साली भाषा संचालनालयाची स्थापना झाल्यापासून मराठी परिभाषेचे मोठे काम झाले. त्या काळी सूक्ष्म कणांचे शास्त्रच बाल्यावस्थेत होते. इंग्रजीतील संज्ञाही त्यानंतर अनेकदा बदलल्या. भारतीय मानकांत आधी सर्व तरंगते कण, मग श्वसनीय कण आणि शेवटी व्यासाच्या आकड्याने ओळखले जाणारे कण असा क्रम दिसतो. शास्त्र पुढे गेले की संज्ञा बदलते. मराठीने आपली संज्ञा बदलण्यात कमीपणा नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. सामान्य माणसाला ‘धूम्रजन्य सूक्ष्म कण’ असे शब्द देऊन काय साधणार? ते पाठ्यपुस्तकातच राहतील. हा आक्षेप मान्य करावा लागतो, आणि म्हणूनच नामापेक्षा क्रियापदाकडे लक्ष देणे हिताचे वाटते. इंग्रजीत धूर व धुके यांचा संकर करून घडविलेला शब्द १९०५ साली लंडनमध्ये पुढे आला; मराठीतही त्याच रीतीने ‘धुरके’ शब्द बनला आणि वृत्तपत्रांत चालतो आहे. परंतु धुरके दिसावे लागते. जे दिसत नाही त्याविषयी बोलण्यास ‘कोंदणे’ हे जुने, घरगुती क्रियापद अधिक समर्थ आहे. ‘आज हवेतील सूक्ष्म कणांचे प्रमाण अमुक आहे’ या सूचनेबरोबर ‘सकाळी नऊपर्यंत गावात धूर कोंदलेला राहील, पाचोळा पेटवू नये, उभ्या वाहनांची इंजिने बंद ठेवावीत’ असे म्हटले, तर लासलगावच्या आवारातील ट्रॅक्टरचालकाला, खळ्यावरील मजूर स्त्रीला आणि पेठेतील दुकानदाराला तिचा अर्थ सारखाच कळेल. त्या वाक्यात कर्ताही परत आलेला असतो.

८

एकंदरीत असे दिसते की, मराठी भाषेजवळ या विषयाला लागणारी सामग्री कमी नाही; तिची मांडणी जुन्या अनुभवावर झालेली आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या आणि बोटांना लागणाऱ्या द्रव्यासाठी तिने बसणे व विरणे ही दोन क्रियापदे दिली व ती दीर्घकाळ पुरली. न दिसणाऱ्या, न लागणाऱ्या द्रव्यासाठी तिला आपल्याच स्वयंपाकघरातील तिसरे क्रियापद बाहेर गल्लीत आणावे लागेल. परिभाषा घडविणाऱ्यांनी केवळ नामांच्या याद्या न करता त्या नामांबरोबर वावरणारी क्रियापदेही तपासली पाहिजेत, हा यातील अभ्यासाचा भाग. लासलगावच्या बाजारात पाणी मारून धुरळा खाली बसविल्यानंतरही हवेत काही उरते, आणि ते उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या श्वासातून आत जाते, हा त्यातील वस्तुस्थितीचा भाग. शब्द बदलल्याने हवा स्वच्छ होणार नाही. परंतु पाण्याचा टँकर येऊन गेल्यावर काम संपले असे समजण्याची सोय मात्र उरणार नाही.